'फक्त बघून घे' म्हणणाऱ्या सिनियरांचं काय करायचं?

ताई,

मी सहा वर्षं एका सिनियर वकिलांकडे ज्युनियर आहे. निवाडे शोधायचे, टिपणं काढायची, करार वाचून त्यातल्या खाचाखोचा दाखवायच्या, दाव्याचा कच्चा मसुदा करायचा, हे माझं काम. कोर्टात उभं राहते ती फार तर तारीख मागण्यापुरती. गेल्या वर्षी सरांनी एआयचं एक सॉफ्टवेअर घेतलं. ज्या टिपणाला मला दोन दिवस लागायचे ते आता मी एक फोन संपवेपर्यंत तयार असतं. सर म्हणतात, "तू आता फक्त बघून घे." त्यात मला एका ऑफिसातून बोलावणं आलंय. परदेशी कंपन्यांचे करार तपासायचे, पगार जवळपास दुप्पट, पण कोर्टाचं तोंड बघायचं नाही. माझ्याबरोबरची निम्मी मुलं तिकडे गेलीसुद्धा. मी जाऊ का? आणि मनातलं विचारायचं तर, दहा वर्षांनी वकील लागणार आहेत का?

एक ज्युनियर

प्रिय ज्युनियर,

तू दोन प्रश्न विचारलेस, पण मी अडकले ती सरांच्या तीन शब्दांपाशी. मराठीत 'बघून घेईन' ही धमकी असते. 'फक्त बघून घे' मला त्याहून वाईट वाटतं, कारण धमकी देणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण धमकी देतोय. सरांना वाटतंय, त्यांनी तुझं काम हलकं केलं. प्रत्यक्षात त्यांनी तुझ्याकडे ऑफिसातलं सगळ्यात जोखमीचं काम सोपवलंय आणि 'फक्त' म्हणून त्याचं मोल शून्य ठरवलंय.

जोखीम किती, ते न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात जगाला दिसलं. विमानात सेवेची धातूची गाडी गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने अव्हियांका या विमान कंपनीवर दावा लावला होता. कंपनी म्हणाली, दावा मुदतबाह्य आहे. प्रवाशाच्या वकिलांनी उत्तरात निवाड्यांची रास घातली. त्यातले सहा निवाडे समोरच्या वकिलांना सापडेनात, न्यायाधीशांनाही सापडेनात. सापडणार कसे, ते चॅटजीपीटीने रचलेले होते. ज्या वकिलाने ते मिळवले त्याला मध्येच शंका आली होती. त्याने 'हे खरे आहेत ना?' असं त्या चॅटजीपीटीलाच विचारलं आणि 'हो' ऐकून तो निश्चिंत झाला. आरोपीकडूनच त्याच्या सचोटीचा दाखला घ्यावा, तसं. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला आणि ज्या ज्या न्यायाधीशांच्या नावावर हे बनावट निवाडे खपवले होते, त्यांना पत्र लिहून कळवायला लावलं. दंडाचं सोड, ती पत्रं लिहिणं जास्त जड गेलं असेल.

पण मला त्या प्रकरणातला दुसरा वकील जास्त आठवतो. शोधाशोध करणाऱ्याला त्या कोर्टात काम चालवायची परवानगी नव्हती, म्हणून कागदांवर सही त्याच्या सहकाऱ्याची होती. त्याने त्यातला एकही निवाडा वाचलेला नव्हता. पंचवीसेक वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाने लिहिलंय, त्यात तपासायचं काय, असं त्याला वाटलं. त्याने फक्त बघून घेतलं. दंड दोघांनाही झाला.

दोन वर्षांनी लंडनच्या उच्च न्यायालयापुढे त्याहून गमतीचं प्रकरण आलं. एका बँकेवरच्या दाव्यात ४५ दाखले दिले होते आणि त्यातले १८ निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते शोधून आणले होते अशिलाने! वकिलाने अशिलाच्या संशोधनावर भिस्त ठेवून कागद कोर्टात घातले. इतकी वर्षं अशील आपल्यावर विसंबायचा. इथे गंगाच उलटी वाहिली. न्यायाधीश डेम व्हिक्टोरिया शार्प यांनी जून २०२५ मध्ये बजावलं की असं वागणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते आणि फारच गंभीर प्रकार असेल तर मामला पोलिसांकडेही जाऊ शकतो.

तू म्हणशील, ते सगळे फुकटच्या चॅटबॉटवर गेले, आमच्या सरांनी पैसे मोजून खास वकिलांसाठीचं सॉफ्टवेअर घेतलंय. तेही पाहिलेलं आहे. मोठ्या कायदा-प्रकाशकांनी विकायला ठेवलेली साधनं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासली, तेव्हा ती १७ ते ३३ टक्के वेळा चुकीचं किंवा निराधार बोलत होती. ही साधनं दिवसेंदिवस सुधारताहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यांची चूक फसवी असते. निवाडा खरा असतो, पान खरं असतं, फक्त त्या पानावर ते लिहिलेलं नसतं जे टिपणात लिहिलंय. नसलेला निवाडा सहज पकडता येतो. असलेल्या निवाड्याच्या तोंडी घातलेलं खोटं वाक्य पकडायला तो निवाडा वाचावा लागतो, आणि तोही पूर्ण.

हे मी साळसूदपणे सांगतेय, पण माझा इतिहास स्वच्छ नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका अपिलात निवाडा वाचून दाखवला, म्हणजे त्याची हेडनोट, निवाड्याच्या माथ्यावर छापलेलं सार, वाचून दाखवली. डायजेस्टमध्ये, म्हणजे अशा सारांच्या संग्रहात, सुरेख चार ओळी होत्या, अगदी आमच्या अशिलासाठीच कोणी लिहून ठेवाव्यात अशा. न्यायमूर्तींनी ग्रंथ मागवला, पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "बाईसाहेब, हे वाक्य बहुमताच्या निकालातलं आहे की भिन्नमताच्या?" मला माहीत नव्हतं. ते भिन्नमतातलं होतं. तेव्हा कुठलं एआय नव्हतं. तरीही दुसऱ्याने काढलेल्या सारावर विसंबून मी तोंडावर आपटले. म्हणून यंत्राला नावं ठेवताना मी जरा जपून बोलते. आळस आपला जुना आहे, त्याला आता गाडी मिळालीय एवढंच.

फरक पुढे पडतो. त्या दिवसानंतर मी निवाडे पहिल्या पानापासून वाचायला लागले. वाचता वाचता हाताला एक सवय लागली: आधी तथ्यं काय होती, वाद नक्की कशावर होता, न्यायाधीश कुठलं वाक्य ओघात बोलून गेले आणि कुठलं निर्णयाचा कणा आहे, हा निवाडा पुढे कोणी फिरवला का. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. जी कामं आज तुझ्या ऑफिसात यंत्र करतं ती रटाळ कामं करताना ते अंगवळणी पडलं. तुझ्या सरांचंही तसंच झालं असणार. ते यंत्राचं टिपण वाचून 'इथे काहीतरी गडबड आहे' असं पटकन म्हणू शकतात ते त्या जोरावर. तुझ्या पिढीची खरी अडचण ही आहे. नोकरी जाईल की राहील याची चर्चा सगळीकडे चालते, पण तपासणारा ज्या शिडीने वर चढतो तिच्या खालच्या पायऱ्या कोणी काढून नेल्यात, याबद्दल कोणी बोलत नाही. तपासायला सांगतात, आणि तपासणारा ज्या कामातून घडतो ते काम काढून घेतात.

म्हणून माझा पहिला सल्ला तुला उलटा वाटेल. आठवड्याला एक प्रकरण असं धर ज्यात यंत्र आधी उघडायचं नाही. कागद वाच, मुद्दे काढ, निवाडे स्वतः शोध, टिपण लिही. मग यंत्राला तेच करायला सांग आणि दोन्ही शेजारी ठेव. कधी त्याला तुझ्या नजरेतून सुटलेलं सापडेल, ते निमूटपणे शिकून घे. कधी ते ठामपणे चुकलेलं असेल. ते कुठे चुकतं याची एक वही ठेव. सहा महिन्यांत तुझ्याकडे असं काही असेल जे तुझ्या सरांकडेही नाही. आणि हो, अशिलाचे कागद उघड्या, सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवू नकोस. गुपित राखायची जबाबदारी अशिलाने तुझ्यावर टाकलेली असते, त्या कंपनीवर नाही.

आता त्या ऑफिसचं. करार तपासायचं काम परदेशांतून आपल्याकडे येऊ लागलं त्याला जवळपास तीन दशकं झाली. कारण साधं होतं: इंग्रजी येणारे वकील कमी पगारात मिळत आणि तिकडे रात्र झाली की इकडे कामाचा दिवस सुरू होई. पण मागाहून स्वस्ताईत यंत्राने माणसाला गाठलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांनी एका दाव्यात तीसेक लाख ईमेल चाळायला संगणकाची मदत घेण्यास मान्यता दिली. अमेरिकेत अशी मान्यता पहिल्यांदाच मिळत होती. २०१७ मध्ये जेपी मॉर्गन बँकेने सांगितलं की कर्जाचे करार वाचायला वर्षाला ३ लाख ६० हजार तास लागायचे, ते आता सॉफ्टवेअर सेकंदांत करतं. म्हणजे तुला बोलावणाऱ्या ऑफिसातलं सगळ्यात साधं काम हेच यंत्राच्या तोंडाशी सगळ्यात जवळ आहे. यंत्राला घाबरून तू नेमकी तिकडे निघालीयस, हे मला बघवत नाही.

तरीही 'जाऊ नको' असं सरसकट म्हणणार नाही, कारण त्या खिडकीतून जे जग दिसतं ते तुझ्या सरांच्या ऑफिसातून दिसत नाही. कायदा आता देशाच्या वेशीवर थांबत नाही. मॅक्स श्रेम्स नावाचा ऑस्ट्रियाचा एक कायद्याचा विद्यार्थी फेसबुकविरुद्ध आयर्लंडमध्ये तक्रार करतो, मुद्दा अमेरिकेत जाणाऱ्या माहितीचा असतो, निकाल लक्झेंबर्गला लागतो आणि २०१५ मध्ये युरोपातून अमेरिकेत माहिती पाठवण्याची आख्खी व्यवस्थाच रद्द होते. तिच्या जागी आणलेली दुसरी व्यवस्थाही २०२० मध्ये त्याच्याच तक्रारीवरून कोसळली. तक्रार केली तेव्हा त्याच्या हाती ना फर्म होती, ना ऑफिस. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, २०१८ पासून लागू आहे. युरोपातल्या माणसांना माल किंवा सेवा देणारी कंपनी जगात कुठेही असो, तिलाही तो लागू होतो आणि दंड जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुझा उद्याचा छोटासा अशील, एखादं अ‍ॅप बनवणारा, या कायद्याच्या कक्षेत न कळत येऊन बसलेला असेल.

आणि करारांत शेवटच्या पानावर, सगळे दमलेले असताना, जी कलमं येतात ती तर डोळ्यांत तेल घालून वाच. कुठल्या देशाचा कायदा लागू, वाद कोर्टात जाणार की लवादाकडे, आणि लवादाचं 'सीट' कुठे. 'सीट' म्हणजे सुनावणीची खोली नव्हे. सुनावणी कुठेही, अगदी पडद्यावरही होऊ शकते; पण लवादाचा निवाडा रद्द करा असं म्हणायला कुठल्या देशाच्या कोर्टात जायचं ते 'सीट' ठरवतं. लंडन, सिंगापूर, पॅरिस ही नावं करारांत सारखी दिसतात ती यासाठी. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे एका देशात झालेला लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत अमलात आणता येतो. परदेशी कोर्टाच्या हुकूमनाम्याला इतका रुंद रस्ता नाही, म्हणून व्यापारी लवादाकडे वळतात. चार वाक्यांचं ते कलम कंपनीचं नशीब ठरवतं आणि बहुतेक वेळा ते मागच्या करारातून उचलून चिकटवलेलं असतं. असे दोनशे करार तू खरोखर समजून वाचलेस, तर त्या ऑफिसातली दोन वर्षं वाया जाणार नाहीत.

परदेशी फर्म येतील का, वकिलीत भांडवलदार शिरतील का, हे प्रश्न तू विचारले नाहीस, तरी पळत सांगते. ऑस्ट्रेलियातली एक लॉ फर्म २००७ मध्येच शेअर बाजारात उतरली, इंग्लंडने त्याच वर्षीच्या कायद्याने बिगरवकिलांना फर्मची मालकी घेण्याची वाट मोकळी केली, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाने २०२१ पासून. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांना येऊन सल्ला देऊन परत जाण्याइतकीच मुभा ठेवली होती. २०२३ मध्ये वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलने परस्परतेच्या अटीवर, म्हणजे त्यांच्या देशाने आपल्या वकिलांना तशीच मुभा दिली तर, आणि कोर्टातलं काम वगळून, दार किलकिलं केलं. हे दार आणखी किती उघडतं यावर तुझा निर्णय टांगून ठेवू नकोस.

दहा वर्षांनी वकील लागतील का? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१६ पासून एक ऑनलाइन न्यायाधिकरण चालतं. छोटे दावे, इमारतीतल्या रहिवाशांची भांडणं. लोक घरून अर्ज भरतात, बहुतेक वेळा वकिलाशिवाय. म्हणजे वकिलावाचून चालणारा न्याय आलेलाच आहे आणि ज्याला वकील परवडतच नव्हता त्याच्यासाठी तो चांगलाच आहे. पण याच न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये दिलेला एक निकाल बघ. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरात मृत्यू झाल्यामुळे मिळणारी सवलत प्रवासानंतरही मागता येते. ते चूक होतं. प्रवाशाने पैसे मागितले तेव्हा कंपनीने असा बचाव केला की चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती जबाबदार! न्यायाधिकरणाने तो उडवून लावला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ, पण मुद्दा तुझ्या पोटापाण्याचा. यंत्र बोलेल, लिहील, शोधेल. ते चुकलं तर निस्तरणार कोण, हा प्रश्न आला की सगळे माणसाकडे बघतात. वकिलाच्या सहीचा अर्थच तो आहे: चूक झाली तर मी उभी आहे, माझी सनद पणाला आहे. हे यंत्राला विकता येत नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही. लागतील ते सही करू शकणारे वकील. नुसते 'बघून घेणारे' किती लागतील, मला शंका आहे.

म्हणून निर्णय असा कर. आधी सरांशी बोल. रडगाणं गाऊ नकोस, हिशोब मांड: यंत्राने माझे आठवड्याचे तीन दिवस वाचवले, ते मला कोर्टात द्या. वकीलपत्रावर तुमच्या नावाखाली माझं नाव घाला. छोट्या प्रकरणात एका साक्षीदाराची उलटतपासणी मला करू द्या, तुम्ही मागे बसा. खोटं बोलणारा माणूस कुठे अडखळतो, अशील आपल्यापासूनच काय लपवतोय, न्यायाधीशांचा चेहरा बदलला की युक्तिवाद कुठे आवरायचा, हे शिकायला दुसरी जागा नाही. आणि टिपण तपासायचं काम माझंच असेल, तर ते तपासलं हे माझ्या नावाने नोंदवा आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्या. सर समंजस असतील तर त्यांना हे स्वस्तात पडतंय हे त्यांच्या लक्षात येईल. त्यांना तीन महिने दे.

त्यांनी हसून टाळलं तर त्या ऑफिसात जा, दोन वर्षांची बोली मनाशी ठेवून. पण होकार देण्याआधी तिथे तीन गोष्टी विचार. मला पूर्ण करार वाचायला मिळणार की स्क्रीनवर सुटी सुटी कलमं? माझी दुरुस्ती नाकारली तर का नाकारली हे मला कळणार का? आणि तपासणीत चूक राहिली तर जबाबदार कोण? तिसऱ्याच्या उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर ते ऑफिस बरं आहे. 'सिस्टम' म्हणाले, तर दुप्पट पगार असला तरी परत ये आणि मला कळव, आपण दुसरं काही बघू.

तुझी ताई